घरघर, खडखड आणि शीऽऽन

शालिनीताईंची आणि माझी ओळख एका बिघडलेल्या यंत्रामुळे झाली. चाकणच्या कारखान्यात मी पत्रव्यवहार पाहत होते. त्या नव्यानेच दुभाषी म्हणून रुजू झाल्या होत्या. जपानी अभियंते प्रेसजवळ उभे राहून "गोरोगोरो, गोरोगोरो" म्हणत होते. आधीच्या दुभाष्यांनी त्याचं भाषांतर "आवाज येतोय" एवढंच करून दिलं होतं. ताई फिटरना म्हणाल्या, "दादा, खडखड नाही म्हणत ते. घरघर म्हणतायत."

"आस्सं व्हय! मंग बेअरिंग बघाया पायजे. आमी आपलं सकाळधरनं बोल्ट आवळतोय!"

हे कुठे शिकलात, असं विचारल्यावर ताईंनी पर्समधून एक जपानी चित्रकथा काढली. तिकडे त्यांना मांगा म्हणतात, आणि त्यांत चित्राचित्रावर असे आवाज लिहिलेले असतात. आमच्या कॉन्व्हेंटात चित्रकथा दिसली की सिस्टर जप्त करत. मी नाक मुरडूनच ती उघडली.

"बाई, शेवटाकडून उघडलीत. ही उजवीकडून वाचायची."

ही पुस्तकं साऱ्या जगाने डोक्यावर का घेतली, हे कोडं तेव्हापासून मला पडलं आहे. आकुर्डीच्या कॉलेजातल्या मुलीसुद्धा त्यांतल्या पात्रांसारखे निळ्या केसांचे टोप घालून मिरवतात. ताई म्हणतात, "त्यांच्यात स्वयंपाक्याची गोष्ट असते, सामना हरणाऱ्याची असते, नोकरी सुटलेल्या बाईचीही असते. ज्याला त्याला आपलं माणूस सापडतं." माझं पुरतं समाधान झालेलं नाही. पण यजमान गेल्यावर मी घराबाहेर पडेना, तेव्हा ताई रोज एक खंड घेऊन येत आणि चित्रांवर बोट ठेवत मराठीत वाचून दाखवत. सांत्वनाचं एक वाक्य बोलल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

निवृत्त झाल्यावर ताईंनी हा सारा संग्रह निगडीच्या आमच्या वाचनालयाला दिला. यंदा अध्यक्षांनी फर्मान काढलं: हा पोरखेळ रद्दीत घाला, कपाट रिकामं करा. राशिभविष्यापलीकडे काही न वाचणाऱ्या गृहस्थांनी हे ठरवावं! माझा संताप अनावर झाला. ताई मात्र शांतपणे वाचनालयाच्या सभेला आल्या आणि त्यांनी एक पान उघडलं. एक मुलगी मनातलं सगळं बोलून बसली आहे, समोर कुणी अवाक्षर काढत नाही, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'शीऽऽन'.

"जपानीत हा शांततेचा आवाज. साहेब, मराठीत काय लिहू?"

"शांतता! त्यात काय?"

"ते नाव झालं. आवाज कुठाय?"

"किर्र!" मागून कुणीतरी म्हणालं.

"ते रानात."

"चिडीचूप?"

"ते पोरांना दटावल्यावर."

"सुन्न?"

"जवळ आलात. पण सुन्न माणूस होतो, खोली नाही."

गलका वाढला तसे अध्यक्ष टेबलावर हात आपटून ओरडले, "अहो, गप्प बसा सगळे! जरा ऐकू तर द्या कसा आवाज येतो तो!"

तो खंड ते घरी घेऊन गेले. "शब्द सापडेपर्यंत कपाट राहू द्या," म्हणाले. परवा पुढचा खंड मागायला आले होते. शब्द अजून सापडलेला नाही.

ताई पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, त्यांची नजर आणि कान असेच तल्लख राहोत. आणि अध्यक्षांना तो शब्द पुढची पंचवीस वर्षं न सापडो.