मिलियनची पॉलिसी आणि मालिनीताईंचं मनगट

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हेमचंद्र रेगे मात्र तोंड पोळायची वाट न बघताच फुंकायला बसत. त्यात त्यांचा तरी काय दोष? डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये त्यांना गाड्यांचे ब्रेक तपासायची नोकरी. हा ब्रेक ऐन वेळी दगा देणार, असं धरून दिवस सुरू करायचा आणि पगारही त्याचाच घ्यायचा. सतरा वर्षांत संशय अंगात मुरला. फोनवर राँग नंबर लागला तरी ते विचारत, "तुम्हाला माझा नंबर कुणी दिला?"

तरी घर मात्र उघडं. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाची तालीम दर शनिवारी त्यांच्याच बेसमेंटमध्ये व्हायची आणि उत्तराकाकू वीस माणसांचा चहा हसत करायच्या.

शहाऐंशी साल होतं. कोण कुणावर किती लाखांची केस ठोकतोय याच्या बातम्यांनी पेपर भरलेले असत. तेव्हा गिरीश आला. हा पोरगा दिवसा इंजिनिअर, संध्याकाळी इन्शुरन्स विकणारा.

"काका, तुमच्या घराच्या पॉलिसीत लायबिलिटी फक्त एक लाखाची आहे," तो म्हणाला. "समजा तुमच्या चुकीने कुणी तुमच्या घरात पडलं आणि कोर्टाने तीन लाख द्या म्हटलं. वरचे दोन लाख कुठून आणाल? घर विकणार? अम्ब्रेला पॉलिसी असते ती या वरच्या रकमेसाठी. घराची संपली, गाडीची संपली, की ही सुरू. एक मिलियनपर्यंत."

"आणि तुझं कमिशन?"

गिरीशने तेही सांगितलं. सगळा कागद बारीक अक्षरांसकट तीनदा वाचून हेमचंद्रांनी सही केली. जाताना गिरीश दारात सहज म्हणाला, "आपल्याकडे ही पॉलिसी आहे हे फार बोलू नका हं. मोठा खिसा दिसला की लोकांची नियत फिरते."

झालं! मिलियनचं संरक्षण आलं आणि घरातली झोप गेली. शनिवारी माणसं उतरू लागली की हेमचंद्र जिन्याच्या तोंडाशी उभे. कुणी मुद्दाम घसरतंय का, कुणी कठड्याकडे निरखून बघतंय का. तालमीला येणाऱ्या एकनाथची मुलगी लॉ स्कूलला गेल्याचं कळल्यापासून एकनाथला ते स्वतः हात धरून उतरवत. प्रताप, नाटकातला नायक, एकदा म्हणाला, "यार हेमचंद्र, असा काय बघतोस? मी तुझा टीव्ही नेत नाहीये!" सगळे हसले, पण पुढच्या शनिवारी निम्मेच आले. तालमी प्रतापच्या घरी हलल्या, आणि हेमचंद्रांना वाटलं, बरी पीडा टळली.

मजा अशी की जिन्याची तिसरी फळी खरंच हलत होती. ते त्यांना ठाऊक होतं. माणसांवर पहारा ठेवता ठेवता दोन खिळे ठोकायला मात्र त्यांना वेळ झाला नाही.

नाटकाचे कपडे मालिनीताई शिवत, आणि ते अजून बेसमेंटमध्येच होते. ताई विधवा, एकट्या. ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल लावून घर चालवायच्या. एका दुपारी त्या कपडे न्यायला आल्या. हेमचंद्र मागे गवत कापत होते, उत्तराकाकू दुकानात. ताई गेल्या ते कपडे न घेताच, शालीत हात गुंडाळून, कुणाला हाक न मारता. दोन दिवसांनी कळलं, उजवं मनगट मोडलंय. स्वतःच्या गॅरेजमध्ये तेलावरून घसरल्या म्हणे.

आठवड्याने व्हॅक्यूम करताना उत्तराकाकूंना तिसऱ्या फळीखाली ताईंची टाचण्यांची डबी सापडली. टाचण्या सगळीकडे विखुरलेल्या.

"अहो, त्या गॅरेजमध्ये नाही पडल्या. आपल्याकडे पडल्यात."

हेमचंद्रांचा चेहरा उतरला. "म्हणजे त्यांनी वकील गाठलाय. म्हणून गप्प आहेत."

तीन आठवडे ते पोस्टमनची वाट बघत राहिले. वकिलाचं पत्र काही आलं नाही. शेवटी उत्तराकाकू चिडल्याच. "पत्र येणार नाहीये! हॉस्पिटलचं बिल भरायला त्यांनी शिलाईचं मशीन विकायला काढलंय. त्यांचा हेल्थ इन्शुरन्स नाही. आता तरी लाज वाटू दे!"

वाटली. इतकी की त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. त्यांनी आधी फळी ठोकली, मग गिरीशला फोन केला.

"एवढ्याला अम्ब्रेला लागणारच नाही, काका," गिरीश म्हणाला. "घराचीच पॉलिसी पुरेल. फळी हलते हे माहीत असून तुम्ही दुरुस्त केली नाही, म्हणजे चूक तुमची. पण ताईंनी क्लेम करायला हवा. त्यांनी तोंडच उघडलं नाही तर कंपनी कशाला पैसे देईल?"

हेमचंद्र फॉर्म घेऊन मालिनीताईंकडे गेले. शिलाईचं मशीन दाराजवळ पुसून ठेवलेलं होतं. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्यावर क्लेम करा. फळी हलते हे मला माहीत होतं. चूक माझी आहे."

ताई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "तुमच्यावर? कशाला?"

"तुम्ही गॅरेजमध्ये पडलात असं खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगू? पडले तेव्हा हाताचं काही वाटलं नाही. पहिला विचार आला, आता हेमचंद्र माझ्याकडे कसे बघतील. शनिवारी जिन्यावर बघायचे, तसे. म्हटलं, त्यापेक्षा गॅरेज बरं."

हेमचंद्रांनी फॉर्म पुढे केला. "इथे सही करा. बिल कंपनी भरेल. मशीन विकू नका."

ताईंनी डाव्या हाताने कागद घेतला, उलटून-पालटून पाहिला, आणि मग त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ.

"यात तुमचा काय फायदा, हेमचंद्र?"

"काहीच नाही."

"मग हे राहू दे इथे. कुणा जाणत्याला दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही. राग मानू नका."

हेमचंद्रांना राग आला नाही. ताईंच्या जागी ते असते, तर त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नसता.