स्वर्गरथासाठी वाइन

मला वाइनमधलं काहीही कळत नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मेहकरच्या बायपासवर माझं हॉटेल आहे, एका अंगाला परमिट रूम, दुसऱ्या अंगाला फॅमिली हॉल. तरुणपणी मी नाशिककडे एका वायनरीत होतो, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. तिथे मी पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत असे, हे कोणाला ठाऊक नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक जाणकार समजतात, आणि त्या समजुतीवर माझं बरं चाललं होतं.

आमच्या गावात एक सेवाभावी क्लब आहे. सेवेपेक्षा शाली जास्त. त्यांना गावासाठी स्वर्गरथ घ्यायचा होता, म्हणजे मढं न्यायची गाडी. त्यासाठी देणगीदारांना जेवण द्यायचं ठरलं, आणि अध्यक्ष मुंबईत कुठे तरी पाहून आले होते म्हणून प्रत्येक पदार्थासोबत वेगळी वाइन. बायकाही येणार होत्या. त्यावर अध्यक्षांनीच निकाल दिला, "वाइन म्हणजे काई दारू नोहे. द्राक्षाचा रस होये तो." हेच गृहस्थ नवरात्रात व्यसनमुक्तीवर भाषण करतात.

जेवण माझ्याच हॉलमध्ये होतं, म्हणून कोणत्या पदार्थाला कोणती वाइन, या जोड्या लावायचं कामही माझ्याकडे आलं. मी बाटल्यांच्या पाठीमागचा मजकूर वाचला आणि मराठीत फिरवला. वांग्याच्या भरताला पांढरी, कारण तिला 'गवताचा ताजा गंध'. मटणाला लाल, कारण तिच्यात 'जांभूळ आणि ओल्या लाकडाची आठवण'. कार्यकारिणीने माना डोलावल्या. ओलं लाकूड कोणी चाटलंय, असं एकानेही विचारलं नाही.

मधला पदार्थ होता पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा. तो करायची माझ्याकडची स्वयंपाकीण, डोणगावची. सगळे तिला मावशी म्हणत. जिभेने फटकळ, हाताने बिनचूक. अध्यक्षांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "मावशी, त्या दिवशीचा रस्सा जमला, तर माह्या पोरीच्या लग्नाचं जेवण तुमच्याकडंच." ते एक लग्न हातात आलं असतं, तर तिला माझी चाकरी करायची गरज उरली नसती. हाताखाली घ्यायच्या बायकांनाही तिने गावात सांगून ठेवलं होतं.

वायनरीत एक गोष्ट माझ्या कानावर पडली होती, तिखटासोबत वाइन नुसती जाळते. माझं सगळं ज्ञान एवढंच. मी मावशीला म्हणालो, रश्श्यातलं तिखट काढा, मसाला निम्मा करा.

"तिखट काढाले सांगता, मंग त्याच्यात राह्यते काय? पानी?"

"तिखटावर वाइन नुसती जाळते, मावशी."

"भाऊ, लोकं जेवाले येऊन राह्यले का गुळण्या कराले? अन् नाव माह्यं जाईन ना!"

"नाव गेलं तर मी आहे ना," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिखटाचा डबा झाकला.

जेवण सुरू झालं. वेटरने मोजकी मोजकी वाइन ओतायची, असं मी शिकवलं होतं. पण अध्यक्षांना ते कंजूषपणाचं वाटलं. त्यांनी बाटल्या वरण वाढायच्या स्टीलच्या जगांमध्ये रिकाम्या केल्या, पांढरीवर लाल, लालवर गोड, आणि पदाधिकाऱ्यांसकट पंगतीत वाढायला निघाले. "घ्या हो, आमच्या हातचं एक! नाही म्हणाचं नाही!" बुंदी वाढावी तशी वाइन वाढली. ग्लासावर आडवा हात धरणाऱ्याच्या बोटांवरून ओतली. एका वकिलांनी बर्फ आणि सोडा मागवला. जाणकार म्हणून मी कोपऱ्यात उभा होतो, आणि कोणी पाहिलं की गंभीरपणे मान हलवत होतो.

भरीत संपेपर्यंत वाइनही संपली. सगळी. मग रस्सा आला. ज्या वाइनसाठी त्याचं तिखट काढलं तीच उरली नव्हती; सोबत पाण्याचा ग्लास.

अध्यक्षांनी एक घास घेतला. "काऊन बे, हा रस्सा होये का पथ्याचं पानी? दवाखान्यात देतेत असा!" लोक हसले. "कोनं केला?"

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराला हात पुसत. तिने अध्यक्षांकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी बोलेन, याची तिला खात्री होती.

मी म्हणालो, "मावशीचा हात आज जरा चुकलेला दिसतो."

एवढंच. त्या लोकांना मी मनातल्या मनात गाढव म्हणत होतो, आणि त्याच गाढवांपुढे माझी पत जाऊ नये म्हणून तिची दिली.

ती भांडली नाही. मटण उतरवलं, मांडे भाजून दिले, आपला मसाल्याचा डबा पिशवीत घातला आणि डोणगावच्या एसटीने गेली. लग्नाची ऑर्डर अकोल्याच्या केटररला मिळाली. "मावशीचा हात गेला," हे वाक्य गावभर झालं. मूळ वाक्य माझं होतं. डोणगावातही तिला कोणी पंगतीला बोलावेना. आता ती जळगाव जामोदला बहिणीकडे असते आणि एका वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, असं ऐकतो. रस्सा तिला करू देतात की नाही, माहीत नाही.

स्वर्गरथ मात्र आला. माझ्या हॉटेलावरूनच जातो. त्याच्या अंगावर देणगीदारांची नावं आहेत, मढ्याला वाचता यावीत इतक्या मोठ्या अक्षरांत, आणि खाली 'भोजन सौजन्य' म्हणून माझं. लोक अजूनही मला विचारतात, कशावर कोणती वाइन घ्यावी. मी अजूनही सांगतो.

नावं न घालता हे इथे लिहून काही फिटत नाही. क्लबच्या बैठकीत, अध्यक्षांच्या तोंडावर, उभं राहून म्हणायचं आहे: रस्सा मी बिघडवला, मावशीने नाही. आणि मग जळगाव जामोदला जाऊन तिला सांगायचं आहे, की मी ते सगळ्यांसमोर म्हटलं. ही दोन्ही कामं मी अजून केलेली नाहीत.