उपासाच्या नावाखाली

२५ ऑगस्ट, सोमवार. प्लांटच्या बसमधून उतरून घरी आले, हातपाय धुतले आणि कारली चिरायला बसले. शेजारच्या दीदींकडे आज करू भात होता. करू म्हणजे कडू. तीजाच्या आदल्या संध्याकाळी इथल्या छत्तीसगडी बायका कारल्याची भाजी आणि भात खातात आणि मग दुसरा पूर्ण दिवस पाण्याशिवाय काढतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, त्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चार घरी जाऊन चार घास खातात. आमची हरतालिकाही त्याच दिवशी, त्यामुळे तात्यापाऱ्यातल्या मराठी बायकांनाही हे बोलावणं असतंच. दीदींच्या दोन्ही मुली आल्या होत्या, घर भरलं होतं, म्हणून अर्धी कारली त्यांनी माझ्याकडे चिरायला पाठवली होती.

मी भराभर चिरते. दुसऱ्यांसाठी रांधण्यात आणि वाढण्यात मी कधी कमी पडले नाही. जिला स्वतःला जेवायचं नसतं ती बाई फार आग्रहानं वाढते.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, यंदाच कॉलेजात गेली. ती आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, कल मैं भी निर्जला करूंगी."

"काहून?"

"काहून म्हणजे? तू करत होती ना. सब बोलते हैं, तेरे जैसा उपास कोई नहीं करता." मग कारल्याची एक चकती उचलून परत ठेवत म्हणाली, "और वैसे भी, थोडा वजन कम होगा."

ते शेवटचं वाक्य तिनं सहज टाकलं. असं वाक्य सहज टाकायला किती सराव लागतो ते मला माहीत आहे. पंधरा दिवसांपासून तिचा डबा अर्धा परत येत होता. विचारलं की म्हणायची, मैत्रिणीला दिला. मी तेव्हा काही बोलले नव्हते, कारण ते वाक्यही माझंच होतं.

"संध्याकाळी चल माझ्यासोबत, मग बोलू," एवढंच मी म्हटलं आणि पुढचं कारलं घेतलं.

हे आता लिहायला हवं. नाहीतर ती मला समजते तीच बाई मी आहे असं होईल.

माझे उपास मुलगी दोन वर्षांची असताना सुरू झाले. कारणं शोधली तर सापडतील. नागपूरच्या एका लग्नात नणंदेनं सगळ्यांसमोर माझ्या ब्लाउजची शिवण उसवून दिली होती, रुंदीसाठी, हसत हसत. पण नणंदा सगळ्यांच्याच हसतात. आधी सोमवार धरला. मग गुरुवार. मग चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्ष, नवरात्र. कॅलेंडरवर मी लाल गोल करायचे आणि दोन गोलांच्या मध्ये मोकळे दिवस जास्त दिसले की मला बेचैन व्हायचं. डाएट म्हटलं असतं तर कोणी तरी हटकलं असतं. उपास म्हटल्यावर कोणी हटकत नाही, उलट म्हाताऱ्या बायका मला हळदीकुंकवाला आधी बसवायच्या. साबुदाणा खाणाऱ्यांकडे मी मनातून तुच्छतेनं बघायची. देवाचं नाव घेत होते पण देवाशी माझं बोलणं कधी झालं नाही. मी दुपारी आरशाशी बोलायची.

मी सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. कोळसा जाळून त्याची राख किती उरली ते काट्यावर बघायचं, हे माझं काम. तीजाची सरकारी सुट्टी असते, पण भट्टी थांबत नाही, कोणाला तरी जावं लागतं. दरवर्षी मी जायची. निर्जला उपास आणि वर ड्यूटी. सुपरवायझर भैया इतरांना सांगायचे, "दीदी को देखो." मला तेच हवं असायचं.

आणि याची दुसरी बाजू कोणालाच माहीत नव्हती. घरात कोणी नसलं की मी उभ्या उभ्या डबे उघडायची. चव कळत नसे, मी फक्त भरत असे. एकदा गणपतीसमोरचा नैवेद्य मी असाच संपवला आणि घरच्यांना सांगितलं, मुंग्या लागल्या म्हणून टाकला. त्यानंतर चार दिवस उपास. लोकांना वाटलं, गणपतीचे दिवस, बाई श्रद्धाळू आहे.

पण ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ते याच करू भाताचं आहे. मी दीदींना म्हणायची, ड्यूटीवरून यायला उशीर होतो, तुम्ही ताट पाठवा. त्या पाठवायच्या. वर झाकलेलं, भात गरम, कारल्याची भाजी वेगळ्या वाटीत, कारण मला भातावर रस्सा चालत नाही असं मी त्यांना कधी तरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. मी मागच्या दारानं गल्लीत जायची आणि ते गायीपुढे ओतायची. मग ताट घासायची. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून वाटीत साखर घालून नेऊन द्यायची आणि म्हणायची, "छान झाली होती भाजी." अशी सात-आठ वर्षं.

दोन वर्षांपूर्वी मी लॅबमध्ये पडले. भट्टीतून चिमट्यानं भांडं काढत होते, एवढंच आठवतं. हाताला चटका बसला, बाकी काही नाही. पण तपासण्या झाल्या, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे गेले आणि शेवटी एका मनोविकारतज्ज्ञांसमोर बसले. त्यांनी पाऊण तास ऐकलं. मग म्हणाले, "उपास किसी के लिए पूजा होगी. आपके लिए शराब है. बंद." मला राग आला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हा माणूस नास्तिक आहे. नवरा म्हणाला, "त्यांच्या टेबलावर हनुमान होता." तो कमी बोलतो, पण बघतो.

मग आहारतज्ज्ञ मुलगी आली, माझ्या निम्म्या वयाची. तिनं रोज काय खायचं ते लिहून दिलं. मी सुटले असं मला वाटलं. दिलेलं सगळं मी वेळेवर खाऊ लागले, अगदी तेच, तेवढंच, त्याच वाटीत. मोड आलेले मूग, दही, उकडलेल्या भाज्या. लग्नाला गेले तरी डबा घेऊन. बीरगांवला एका सहकाऱ्याच्या गृहप्रवेशात सगळे पंगतीला बसलेले आणि मी कोपऱ्यात डब्यातले मूग चावतेय. कोणी पुरी वाढायला आलं की माझे तळवे घामेजायचे. पौष्टिक या शब्दाला मी चिकटून बसले होते, जशी आधी निर्जलाला. महिन्याभरानं त्या आहारतज्ज्ञ मुलीनं कागदावर भात आणि तूप लिहिलं. मला वाटलं चूक झाली, म्हणून फोन केला. ती म्हणाली, "गलती नहीं है मॅडम. आपने तो नया उपास पकड़ लिया." मी फोन ठेवला आणि बराच वेळ तिच्यावर चिडून होते. चिडण्यासारखं काही नव्हतं, ती बरोबर होती.

त्यानंतरचं दीड वर्ष मी भात शिकण्यात घालवलं. हसू येईल, पण खरं आहे. आधी घरात, माझ्या हाताचा. मग नवऱ्याच्या हाताचा, तो किती तेल घालतो ते न बघता. दुसऱ्याच्या घरचा अजून राहिला होता. मागच्या वर्षी दीदींकडे जायचं मी औषधाचं कारण सांगून टाळलं. यंदा ठरवलं होतं की जायचं, बसायचं, वाढतील ते खायचं. एवढंच ठरवलं होतं. मुलीचं हे मधेच आलं.

संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. अंगणात चटया होत्या, आठ-दहा बायका, दीदींच्या मुली नवीन लुगड्यांत. दीदी माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या आहेत, आवाज असा की पाऱ्याच्या टोकाला कळतं आज काय शिजलंय. मला बघून त्यांनी हात धरून बसवलं. "आज बहिनी हमर घर मा बइठ के खाही!" जणू मी मोठा मान दिला.

भात पानावर आला. रस्सा वेगळ्या वाटीत. त्यांना अजून लक्षात होतं. मी घास घेतला. भाजीत तेल होतं, भरपूर, ओठांना लागत होतं. मी चावत राहिले आणि गिळलं. दुसरा, तिसरा. पाठीवरून घाम वाहत होता, पण खात होते.

तेवढ्यात दीदी त्यांच्या मुलींना म्हणाल्या, "सीखो कुछ. मैं सब झन ला बताथंव, ए मराठिन बहिनी असन उपास कोनो नइ करय. पानी के बूंद नहीं, अउ ऊपर ले ड्यूटी!"

"हमारे से तो चाय नहीं छूटती," धाकटी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"कल मैं भी करूंगी निर्जला," माझी मुलगी म्हणाली. अभिमानानं. दीदींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "वाह नोनी! माँ के बेटी."

तिथे बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पानाकडे बघितलं आणि चौथा घास घेतला. तोंडात घास असला की बोलावं लागत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडलं.

घरी येऊन मात्र मी तिला बसवलं आणि सांगितलं. लाल गोल, नैवेद्य, गाय, साखर. काही गाळलं नाही. रडले नाही, तिनंही रडू नये असं वाटत होतं. ती रडली नाही. ती चिडली.

"मतलब सब झूठ था?"

"हो."

"आणि पापाला माहीत आहे?"

"आजारपणाचं माहीत आहे. गायीचं नाही."

"मग मले काहून सांगून राहिली? वहां क्यों नहीं बोली? ते तुझी तारीफ करून राहिले होते, तू चुपचाप खा रही थी." चिडली की ती मराठीवर येते, अर्धी तरी.

मी म्हटलं, "लाज वाटली."

"मुझे भी तो लगेगी. मैंने सबके सामने बोल दिया." मग उठता उठता म्हणाली, "तू उनको बता. तब मैं सोचूंगी. नाहीतर मी करीन उद्याचा, आणि तू मले रोखू नको. तुले हक नाही."

हक नाही हे खरंच होतं. मी वाद घातला नाही.

सकाळी सहाला उठले. अंघोळ केली, बाहेर आले तर मुलगी चपला घालून दारात उभी. "मैं भी आ रही हूं," म्हणाली. मी खरंच सांगते का ते बघायला येत होती. मी नको म्हटलं नाही.

दीदी अंगणात सडा घालत होत्या. तोंड सुकलेलं, उपास सुरू झालेला. मी तिथेच उभी राहून सांगितलं. माझा आज उपास नाही. आधीचे होते तेही देवासाठी नव्हते, मला खाण्याची भीती होती, त्याचा इलाज चालू आहे. आणि तुम्ही दरवर्षी पाठवायचा तो करू भात मी खाल्ला नाही. गायीला घातला.

त्यांना आधी कळलं नाही. मग हातातली बादली खाली ठेवली. "मोर हाथ के भात ला?"

"हो."

"हर साल?"

"हो, दीदी."

मी वाट बघितली की त्या हसतील, किंवा जाऊ दे म्हणतील. तसं काही झालं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मीच आणलेलं होतं. मुलगी माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

मग त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आपण निघावं. तेवढ्यात आतून आवाज आला, "बइठ." त्या दोन वाडगे घेऊन बाहेर आल्या. रात्री उरलेला भात पाण्यात भिजवून ठेवलेला, म्हणजे बासी, वर मीठ. एक माझ्यापुढे ठेवला. "मोर आगू खा. मैं देखहूं."

दुसरा मुलीपुढे ठेवला, तीजा लग्न झाल्यावर धर असं सांगत. "तहूं खा नोनी. तोर बिहाव होही तब करबे तीजा."

त्या स्वतः पाण्याचा थेंब न घेता समोर बसल्या. भाताचं पाणी गार होतं, किंचित आंबूस. किती आहे, कशाचं आहे, माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला, तो मी चालू दिला आणि खात राहिले. मुलीकडे बघितलं नाही. तिनं बराच वेळ चमचा नुसता फिरवला. मग दोन घास खाल्ले, थांबली आणि विचारलं, "चटनी है क्या, चाची?"

दीदी उठून चटणी आणायला गेल्या. मी वाडगा संपवला, नळावर घासून पालथा ठेवला, मुलीला म्हटलं, "सावकाश खा, मी निघते," आणि बस पकडली.