शबानाला वेगवान म्हणू नका

शबाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या स्टँडवर लातूरच्या गाडीत बसले होते. तिचा भाऊ सलीम एवढंच म्हणाला, "ताई, आपा गेली..." मेंदूत रक्तस्राव. चाळिशीही गाठली नव्हती तिनं. त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालंय माझं. उरलाय तो संताप, आणि तो शोकसभेपासूनचा आहे. आमच्या कंपनीचे साहेब तिच्या फोटोला हार घालून म्हणाले, "शबानामॅडमनी आमचं मशीन मराठवाड्यात सगळ्यात वेगवान केलं." मी उठून बाहेर आले. ज्यानं तिचं काम कचऱ्यात टाकलं, त्याच्याच तोंडी हे!

नांदेडला इंजिनिअरिंग करताना आम्ही एका खोलीत राहायचो. ती कंधारची, वडील गाद्या भरायचे. तिला वेड एकच, कर्नेलचं. संगणकाच्या अगदी आतला हा प्रोग्राम ठरवतो, आत्ता कोणाचं काम करायचं आणि कोणाला थांबवायचं. इतकं जलद तर चालतंय, अजून काय पाहिजे, असं मी म्हटलं की ती उसळायची. "जलद कोण मागून राहिलंय? उशीर नको हाय मला. डॉक्टर रोज पटापट पेशंट बघतो, अन् साप चावलेला आला त्याच दिवशी सर्दीवाल्याशी बोलत बसला, तर त्याची सरासरी काय चुलीत घालायची?"

पुढं लातूरला आम्ही दोघी एकाच कंपनीत लागलो. डाळमिलसाठी मशीन बनायचं. पट्ट्यावरून डाळ जाते, कॅमेरा खडे आणि काळे दाणे हेरतो, हवेचा झोत ते उडवतो. पट्ट्याशी हात गेला तर मशीन थांबवणारा एक सेन्सरही होता, पण त्याचा निरोप त्याच संगणकातून जायचा. शबाना म्हणाली, तो थेट तारेनं जोडा. साहेबांनी ऐकलं नाही. मग ती कर्नेलमध्ये शिरली. कॅमेऱ्याचे फोटो साठवणारा भाग एकदा कामाला लागला की मधे कोणाचं ऐकायचाच नाही. थांबण्याचा निरोप दाराशी ताटकळायचा. बहुतेक वेळा क्षणभर, कधीतरी मात्र फार. तिनं त्या लांबलचक कामाचे तुकडे पाडले, आणि सेन्सरचा निरोप आला की बाकी सगळ्यांनी हातातलं सोडायचं, असं करून ठेवलं. या तोडातोडीत मशीन किंचित मंदावलं. प्रदर्शनात गिऱ्हाइकांसमोर ते दिसलं आणि साहेबांनी जुनं कर्नेल परत टाकायला लावलं. "मॅडम, कधीतरीचं बघत बसलो तर धंदा कसा होणार?"

ते कधीतरी आलंच. उदगीरच्या मिलमध्ये आमच्या मशीनच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या केवळबाईंची दोन बोटं गेली. कंपनी म्हणाली, बाईंचा निष्काळजीपणा. शबाना तडक केबिनमध्ये गेली. तिचा आवाज बाहेर माझ्या टेबलापर्यंत आला. "सेन्सरनं वेळेवर सांगितलं होतं, साहेब. आपल्या मशीननं उशिरा ऐकलं." त्याच दिवशी तिनं राजीनामा दिला.

मग ती एसटीनं गावोगावच्या मिलमध्ये फिरू लागली आणि मालकांना पटवून आपलं कर्नेल घालू लागली. कंपनीनं कोर्टाची धमकी दिली. ती हसली, "कर्नेल काय ह्यांच्या बापाचं हाय? ते तर साऱ्या जगाला खुलं हाय. अन् मशीन मालकाचं." उदगीरसकट बऱ्याच ठिकाणी तिनं काम केलं. काही मालकांनी मात्र वेग कमी होईल म्हणून दारातूनच परत पाठवलं. त्या मिल आजही तशाच चालू आहेत... आणि आम्ही इथं हार घालतोय!

परवा मी उदगीरला गेले. सकाळी पट्टा सुरू झाला, डाळ पडू लागली, तरी कामाला एकही बाई हात लावेना. केवळबाईंनी उरलेल्या बोटांत एक लांब काठी धरली आणि पट्ट्याच्या तोंडाशी खुपसली. पट्टा जागच्या जागी थांबला. पुन्हा चालू, पुन्हा काठी. मालक ओरडला, "अगं बायांनो, रोज काय हा तमाशा? रिकामं असताना करा की!"

"न्हाई जमत," केवळबाई म्हणाल्या. "शबानाबाईनं सांगितलंय, मशीन लई कामात असतानाच काठी घालायची. निवांत असल्यावर कुणीबी थांबतंय."

आणि त्यांनी काठी शेजारणीच्या हातात दिली. "घे, आता तू घाल."