तांबड्याला तांबडी

सबंध कोल्हापुरात वाईन समजणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, असं माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, स्वतःच सांगत. त्यांना खोडून काढायला दुसरा समजणारा गावात नसल्यामुळे ते मानावंच लागे. उद्यमनगरात त्यांची इंजिनाचे भाग ओतायची फौंड्री होती. एकोणीसशे सत्तरच्या आसपास कसलासा माल पोचवायला ते गोव्याला गेले, तिथे कुणीतरी त्यांना गोड पोर्ट वाईन पाजली, आणि परतले ते तज्ज्ञ होऊनच.

दारूचा आणि त्यांचा छत्तिसाचा आकडा होता. हसू नका. दारू ही तोंड वाकडं करून घशात ओतायची चीज आणि वाईन ही बसून ऐकायची, असं त्यांचं मत. परमिट काढताना त्यांनी कारकुनाशी वाद घातला, "दारू लिवू नगा सायेब, वाईन लिवा." तो ऐकेना, तर घरी येऊन फुगून बसले. एक ओळखीचा ट्रकवाला त्यांना गोव्याची स्वस्तातली बाटली आणून द्यायचा, लेबल निघालेली आणि बूच अर्धं आत गेलेली. रविवारी मटणाचा बेत असला की आतोबा ती मागच्या परड्यात उघडत. दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध पितात तसला थोरला ग्लास, तळाला दोन बोटं वाईन आणि ग्लासात अख्खं नाक. "पांढऱ्या रश्श्याला पांढरी, तांबड्याला तांबडी. देवानंच जोड्या लावल्यात, आपून फकस्त वाढायचं." पांढरी वाईन त्यांनी तोवर डोळ्यांनीही पाहिली नव्हती, पण नियम तयार होता. रश्श्याच्या तिखटानं जीभ अशी भाजलेली असे की तिला रॉकेलही कळलं नसतं. तरी आतोबा डोळे मिटून म्हणत, "मागनं जांभूळ येतंय बघ," आणि खरं सांगतो, मलाही ते येई.

परड्यात बसायचं कारण आत्या. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दारूपायी गेले, आणि ते सगळं तिनं पोरवयात पाहिलेलं. तिच्या लेखी बाटलीतून येतं ते सगळं दारूच. त्यामुळे बाटली उंबऱ्याच्या आत येत नसे. आत्या रस्सा वाढायची तीसुद्धा उंबऱ्याच्या आतूनच, हात लांब करून. आतोबांची सगळी विद्या तिथे अडली होती. मला म्हणत, "एकडाव तिनं घोटभर घ्यावं आन् आपल्या तोंडानं म्हणावं, की ही दारू न्हवं. मग माझं कायबी म्हणणं न्हाय."

तिचं मन वळवायला त्यांनी एकदा नरसोबाच्या वाडीच्या दर्शनाचं निमित्त केलं आणि तिथून गाडी थेट तासगावकडच्या द्राक्षमळ्यात नेली. मीही बरोबर होतो. पाठीशी हात बांधून ते मांडवाखालून साहेबासारखे फिरले आणि मळेवाल्याला म्हणाले, "ह्याची वाईन कशी हुईल?"

"पावणं, आमी बेदाणा करतो की," तो घाबरून म्हणाला.

आत्यानं मात्र पोटभर द्राक्षं खाल्ली. "ग्वाड हायती. तशीच ऱ्हाऊ द्या की त्यास्नी!"

आतोबांनी ऐकलं नाही. बाटलीला बंदी आहे, बरणीला नाही, असा कायदा काढून त्यांनी आत्याच्या माहेरची लोणच्याची बरणी चेचलेल्या काळ्या द्राक्षांनी भरली, झाकण फौंड्रीतल्या मातीनं पक्कं लिंपलं आणि आजऱ्याच्या तांदळाच्या पोत्यामागे लपवली. साच्यातली हवा जायला भोक ठेवा, म्हणून कामगारांवर आयुष्यभर ओरडलेला हा माणूस बरणीला भोक ठेवायला विसरला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलेलं असताना ती फुटली. भिंत तांबडी, पोतं तांबडं, शेजारच्या काकूंची नवी साडी तांबडी. काकूंनी पदराला लागलेलं बोटानं चाखलं आणि म्हणाल्या, "पन्हं आंबलंय वाटतं. पण ग्वाड हाय की!"

सगळ्या हसल्या. आत्या हसली नाही. बायका गेल्यावर भिंत पुसता पुसता रडायला लागली. "माज्या बापाचा वास आला आज घरात," एवढंच म्हणाली. त्यानंतर आतोबांनी बाटलीला हात लावला नाही. त्या थोरल्या ग्लासातून ते दूध पिऊ लागले. मला त्यांची फार दया यायची.

पुढे काही वर्षांनी एका वाईट तापात त्यांचं नाक गेलं. कसलाच वास येईना. तांबडा रस्सा आणि ऊन पाणी त्यांना सारखंच झालं. एवढा बोलका माणूस, पण परड्यात गप्प बसून राही.

त्या साली द्राक्षं संपता संपता मी गेलो, तर स्वयंपाकघरातल्या फळीवर एक नवी बरणी होती. मी आत्याकडे बघतच राहिलो.

"बघतोस काय? कापड बांधलंय तोंडाला. वारं जातंय त्यातनं."

तिनं थोरल्या ग्लासात दोन बोटं ओतली आणि उंबरा ओलांडून ग्लास आतोबांच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं नाक घातलं, बराच वेळ ठेवलं, घोट घेतला आणि मान हलवली. "कायबी येईना गं."

आत्या त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली. ग्लास काढून घेतला, डोळे गच्च मिटले आणि घोट घेतला. "आदी आंबाट लागतंय," ती म्हणाली. "मग ग्वाड."

"आन् मागनं?"

"मागनं जांभूळ." इतक्या रविवारी उंबऱ्याआडून तिनं सगळं ऐकलेलं होतं.

"आन् दारू?" आतोबांनी हळूच विचारलं.

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. "न्हाय. दारू न्हवं ही."

आतोबांनी डोळे मिटून घेतले. "अजून एक घोट घे," ते म्हणाले, "आन् सावकाश सांग."