सासऱ्यांच्या सायकलची करकर

कुणाचंही न ऐकणाऱ्या माणसांची स्पर्धा भरली, तर माझे सासरे तिथंही जाणार नाहीत. कारण जा म्हणून कुणीतरी सांगितलेलं असेल. मी त्यांना रीतीप्रमाणे मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. जेवल्यावर पडायची त्यांना जन्मभराची सवय. डॉक्टरांनी ‘जेवल्यावर जरा पडत जा’ म्हटलं आणि त्या दिवसापासून ते हात वाळायच्या आत फिरायला निघतात. सगळं गाव रानात फटफटीवर जातं, मामा सायकलवर. तीही साधी नव्हे. माझ्या मेहुण्यानं पुण्यात हौसेनं घेतलेली आणि पोट सुटल्यावर गावी आणून टाकलेली माउंटन बाईक. पुढं-मागं स्प्रिंगा, मागचा अर्धा भाग सांध्यांवर वरखाली हलणारा. मामांनी तिच्या हँडलला दुधाची किटली अडकवली आणि माळाच्या दगडांवरून ती रानात हाणायला सुरुवात केली. फटफटीचं नाव काढलं की म्हणतात, ‘‘तेल पिणारं जनावर दावणीला नको.’’ सायकलची घंटी पहिल्याच दिवशी काढून फेकली. ‘‘घंटी भित्र्यानं वाजवायची. मला बघून वाट सोडतेत लोक.’’

खरं तर लोक ऐकून वाट सोडत. कारण माळावर आदळून त्या सांध्यांमधली बेअरिंगं गेली होती. मागचं चाक डुलायचं आणि दर पायडलला अशी करकर व्हायची की मामा टेकाडावर असताना अंगणात कळायचं. मामी कानावर हात ठेवायच्या. नगरच्या दुकानातला मेकॅनिक म्हणाला, ‘‘काका, हे काम पुण्याला होतं. अन् या वयात ही सायकल कशाला? विकून टाका.’’ झालं! आगीत तेल म्हणून मेहुण्यानं फोनवरून गिऱ्हाईकही ठरवलं. ते रविवारी संध्याकाळी येणार होतं. मामींनी निकाल दिला, ‘‘तवर आवाज घालवा, न्हाईतर सायकल जाईल.’’ मामा उसळले, ‘‘माझी सायकल, माझं गुडघं! मी घरीच बसवतो बेअरिंगं. म्हातारं कोन झालंय ते रईवारी बघू.’’

नेमका त्याच रविवारी मी धोंड्याच्या जेवणाला गेलेलो. अधिक महिना तीन वर्षांनी येतो, जावयाला एवढाच काय तो मान. पाटावर बसून पुरणाचे धोंडे खाल्ले, अनारशांचं ताट घेतलं, नवा पांढरा सदरा अंगात घातला आणि मामांनी हाक मारली, ‘‘पाव्हणं, जरा धरू लागा.’’ मामी कळवळल्या, ‘‘अवो, धोंड्याच्या म्हैन्यात जावायाच्या हाताला ग्रीस?’’ मामांनी ऐकलं नाही, हे सांगायला नकोच. मी अंगणात उकिडवा बसून फ्रेम धरली. गंजलेली जुनी बेअरिंगं ठोकून निघाली. नवी त्यांनी सुप्यातून, कारखान्यांच्या यंत्रांचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणली होती. पहिलं खोबणीवर ठेवलं आणि मामांनी मामींचा वरवंटा उचलून त्यावर हाणला. बेअरिंग तिरकं घुसून रुतलं. मामा वरवंटा बाजूला ठेवून बेअरिंगकडं बघत बसले. ऊन उतरत होतं. मला वाईट वाटलं, म्हणालो, ‘‘राहू द्या मामा, मी पुण्याला नेतो.’’

ते ‘राहू द्या’ कामी आलं! मामांनी बेअरिंग पलीकडून ठोकून परत काढलं, लांब बोल्ट शोधला, नव्या बेअरिंगवर जुनं बेअरिंग ठेवलं, आरपार बोल्ट घातला आणि वायसर लावून पलीकडून नट आवळायला लागले. ‘‘जुनंच नव्याला आत घालंल. त्याला जागा ठावं हाय.’’ नवं बेअरिंग सरळ सरकत आत जाऊन बसलं. मग एकामागून एक सगळी बसली. सदऱ्याची वाट लागली होती, पण मला शिट्टी वाजवावीशी वाटत होती. मामा सायकलवर बसून दाबून पाहतात तर चकार आवाज नाही. हात न धुता त्यांनी किटली अडकवली आणि धारेला रानात निघून गेले.

गिऱ्हाईक आलं. मामींनी त्याला चहा दिला, अनारसे दिले. ‘‘सायकल?’’ त्यानं विचारलं. ‘‘रानात गेलीय,’’ मामी म्हणाल्या. ‘‘आन् ती आता इकायची न्हाई.’’

दिवस मावळला. मामी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आल्या. ‘‘टेकाडावर करकर झाली की मी तवा ठेवायची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आज काय कळंना.’’ तेवढ्यात मामा आवाज न करता पाठीमागं येऊन उभे! मामी दचकल्या, मग डोळ्यांत पाणी आणून भांडल्या, ‘‘हाक तरी मारायची!’’ मामा म्हणाले, ‘‘आवाज तुलाच नको हुता.’’

सकाळी पाहिलं तर सीटखाली शेळीच्या गळ्यातलं घुंगरू बांधलेलं. आता मामा ते तोडून फेकणार म्हणून मी बघत उभा. ते वाकले, घुंगरू हलवून पाहिलं. ‘‘सैल बांधलंय,’’ म्हणाले आणि गाठ आवळून निघून गेले.

आम्ही पुण्यात असतो. हल्ली मी मामींना मुद्दाम दिवस मावळताना फोन करतो. बोलता बोलता लांबून घुंगरू वाजतं, ‘‘आले बघा, तवा ठेवते,’’ म्हणून त्या फोन ठेवतात. एखाद्या दिवशी उशीर होतो. माझा जीव घाबरा होतो, त्यांचाही होत असणार. मग आम्ही पावसापाण्याचं, शेळ्यांचं, कशाचंही बोलत राहतो. फोन कुणीच ठेवत नाही.