सातच्या तासाला चाफा

“अनुजा, मुलांना बिझनेसमध्ये रसच नाही. पुढच्या सेमिस्टरला तुझा विषय बंद करू या,” उपप्राचार्य लोपीस मॅडम म्हणाल्या. माझ्या वर्गाची हजेरी त्यांच्यापुढे होती. निम्मा वर्ग गैरहजर.

वसईतल्या आमच्या कॉलेजात नव्या अभ्यासक्रमाबरोबर ‘फॅमिली बिझनेस मॅनेजमेंट’ हा विषय आला. तो इलेक्टिव्ह आहे, म्हणजे मुलं आपणहून निवडतात. मी तो तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास घेतले, तेवढाच पगार. विषय बंद, तर मीही बंद. पण मला राग वेगळाच आला. मोठ्या कंपन्यांचे धडे आपण वर्षानुवर्षं शिकवतो. वटार-उमेळ्यासारख्या गावांतल्या मुलांना घरचा धंदा शिकवणारा एकच विषय आला, तर तोच पहिला कापायचा?

“मला एक आठवडा द्या,” मी म्हटलं.

“दिला. पण भाषण नको.”

बाहेर वटारची जेनिता भेटली. विषय निवडताना सगळ्यांच्या पुढे होती. वर्गात कधी दिसली नव्हती.

“सकाळी सातच्या माझ्या तासाला असतेस कुठे?”

“वाडीत, मिस. चाफा काढायला.”

“रोज?”

“फूल पूर्ण उमललं की कोण घेणार? काढायचं, बांधायचं, दादरच्या टेम्पोत चढवायचं. मग मी मोकळी.”

“आणि बाकीचे?”

“रोहनकडे पालेभाजी. प्रीतेश आईला मासळीच्या पाट्यांसकट बाजारात सोडतो.”

“मग हे मला वर्गात का नाही सांगितलंस?”

“वर्गात आले असते तर सांगितलं असतं ना, मिस.”

म्हणजे कौटुंबिक व्यवसायाच्या तासाला मुलं येत नव्हती, कारण ती कौटुंबिक व्यवसाय करत होती.

तास उशिरा हवा होता. पण वेळापत्रकात सीनियर आधी निवडतात, उरलेलं नव्यांना. दहाचा तास विभागप्रमुख परेरा सरांचा. कित्येक वर्षं त्यांचाच. तो कोणी मागायचा नसतो, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. त्यांच्या वर्गात सकाळी वाडीत राबणारी मुलं नाहीत, एवढं मी विचारून घेतलं. मग घरी बसून पत्रक लिहिलं. मथळा, ‘वेळापत्रक कोणाच्या सोयीचं?’ युनियनची पत्रकं वाचत मोठी झाले, त्यामुळे हात तिकडेच वळतो.

पत्रक पर्समध्ये ठेवून स्टाफरूममध्ये गेले. लोपीस मॅडमही तिथेच होत्या.

“सर, तुमचा दहाचा तास मला हवाय.”

परेरा सरांनी चहाचा कप खाली ठेवला. “आणि मला?”

“सातचा.” मग मी चाफ्याचं सांगितलं.

“चालेल,” सर म्हणाले. “सकाळच्या मिस्साला जातोच मी. चर्चमधून सरळ इकडे येईन.”

लोपीस मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता. “मग इतकी वर्षं दहाचा तास धरून का बसलात?”

“कोणी मागितलाच नाही. मला वाटलं, सातचा सगळ्यांना आवडतो.”

दहाच्या पहिल्याच तासाला वर्ग भरला. पुढे चाफ्याचा वास, प्रीतेशच्या बाकाकडे मासळीचा. जेनितानं पहिला प्रश्न विचारला, “फुलं आमची, मग भाव दादरवालेच का ठरवतात?” तास संपला, तरी वाद चालूच होता. विषय राहिला. मीही राहिले.

मुलांना रस नाही असं ठरवण्याआधी ती त्या वेळी कुठे असतात, ते विचारावं. आणि पत्रक लिहिण्याआधी एकदा तोंडी मागून बघावं. माझं वाया गेलं. चांगलं जमलं होतं.